काम थांबवलं त्याचा रंग लाल का?

पुण्यात बसून खाणीचं काम करते म्हटलं की लोक आधी विचारतात पुण्यात कुठली खाण, वाघोलीकडच्या दगडखाणी का. नाही. आम्ही बाणेरच्या ऑफिसात बसून परदेशातल्या एका कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीचे दर महिन्याचे रिपोर्ट बनवतो. रिपोर्टचं नाव सेफ्टी अँड प्रॉडक्शन परफॉर्मन्स. डावीकडे प्रॉडक्शन, म्हणजे किती टन निघाले, बोगदा किती मीटर पुढे सरकला, मशीन किती तास चाललं. उजवीकडे सेफ्टी, म्हणजे किती जखमी, शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले. आणि खाली एक लांबलचक टेबल असतं, डाऊनटाइमचं. काम का बंद पडलं, किती मिनिटं, कुठल्या शिफ्टमध्ये. ते सगळं लाल रंगात, आणि ज्या शिफ्टचं लाल जास्त ती रँकिंगमध्ये खाली.

मला बोलायचंय ते या लाल टेबलाबद्दल. त्यात बेल्ट तुटला, लाइट गेली, मशीनचं होज फुटलं ही कारणं आहेत, आणि त्याच रांगेत, त्याच लाल रंगात, 'गॅस वाढला म्हणून पॉवर बंद केली' आणि 'छत चांगलं नव्हतं म्हणून माणसं मागे घेतली' हेही आहे.

माझे बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, ओव्हरमन होते (शिफ्टमध्ये खालच्या कामावर देखरेख करणारे), चंद्रपूर जिल्ह्यात, सगळी नोकरी अंडरग्राउंडला. रिटायर झाल्यापासून थंडीत आमच्याकडे पुण्याला येतात. एकदा मी घरून काम करत होते आणि ते मागे चहा घेऊन उभे होते, त्यांना स्क्रीनवरचं सगळं समजतं असं नाही पण हे टेबल त्यांनी बरोब्बर वाचलं. म्हणाले, "बेल्ट तुटला ही तं खराबी झाली. पण गॅस आला म्हणून काम बंद केलं, हे काय खराबी आहे का? त्यानं तं आपली ड्यूटी केली. त्याले लाल काऊन दिलं बेटा?"

ज्यांना खाणीचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोळशातून मिथेन निघतो. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी मिळताच स्फोट होतो. आपल्याकडच्या नियमात मिथेन १.२५ टक्क्याच्या वर गेला की तिथली वीज तोडायची असते, म्हणजे ५ ला पोचायच्या कितीतरी आधी. हे अंतर मुद्दाम ठेवलंय. वीज तोडा, हवा नीट फिरू द्या, पुन्हा मोजा, मग चालू करा. यात अर्धा तास जाईल, कधी अख्खी शिफ्ट जाईल. पण तो वेळ वाया गेला असं म्हणणं साफ चूक आहे, तेवढा वेळ खाणीची व्यवस्था जशी चालायला पाहिजे तशीच चालली.

छताचंही तसंच. बाबा सांगतात, नवीन छताखाली जायच्या आधी सरदार, म्हणजे ओव्हरमनच्या हाताखालचा सुपरवायझर, काठीने ठोकून बघतो. घट्ट दगड असला तर आवाज टणक येतो, वर थर सुटलेला असला तर पोकळ, मडक्यासारखा. दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवायची म्हणजे थरथर कळते. लाकडी प्रॉपचं, म्हणजे छताला दिलेल्या टेकूचं, तर ते फार प्रेमाने सांगतात, की लाकूड बोलतं, वरून दाब आला की आधी करकर करतं, साल फुटते, तेवढ्यात माणूस मागे सरकू शकतो. डिपिलरिंगला, म्हणजे आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब शेवटी काढायला घेतात तेव्हा, हे ऐकण्यावर सगळं असतं कारण मागचं छत पडणारच असतं, प्रश्न फक्त कधी. आणि धोका दिसला तर माणसं बाहेर काढणं हे सरदाराचं कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

कागदावर लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेब विचारणारच, काल तुमच्या शिफ्टचे टन कमी का.

खरी गोम इथे आहे. सेफ्टी आणि प्रॉडक्शन एकच आहे असं पोस्टरवर लिहितात, ते वर्षाच्या हिशोबात खरं आहे, त्या एका शिफ्टच्या हिशोबात खरं नाही. त्या शिफ्टमध्ये थांबलं तर टन कमीच होतात. मग ते कमी झालेले टन कुणाच्या नावावर लिहिले जातात यावर सगळं ठरतं. ओव्हरमनच्या नावावर लिहिले तर तो पुढच्या वेळी थांबायच्या आधी दोनदा विचार करेल, माणूसच आहे तो.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० ला स्फोट होऊन २९ जण गेले. नंतरच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, जुने रिपोर्ट काढले तेव्हा दिसलं की आधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला गेल्याच्या २१ नोंदी होत्या, आणि त्याहून कमी पण धोक्याच्या २७. म्हणजे आकडे नव्हते असं नाही, खालच्या लोकांनी लिहून ठेवले होते! खाण नवीन होती, कोळसा ठरल्यापेक्षा फार कमी निघत होता, कंपनीवर पैशाचा ताण होता आणि वरच्यांचं लक्ष टनांवर. त्या २१ नोंदींचा एक साधा आलेख कुणी दर आठवड्याला मीटिंगमध्ये लावला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, कारण माझं कामच ते आहे.

त्याच वर्षी ५ एप्रिलला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या अप्पर बिग ब्रँच खाणीतही २९ जण गेले. मिथेन पेटला आणि आत साठलेल्या कोळशाच्या धुळीने तो स्फोट पार लांबपर्यंत नेला. या धुळीवर चुनखडीची पूड मारत राहावी लागते म्हणजे ती पेटत नाही, अगदी साधं आणि रोजचं काम, तेच नीट होत नव्हतं. तिथल्या कंपनीच्या प्रमुखाकडे दर अर्ध्या तासाला प्रॉडक्शनचा आकडा जायचा. दर अर्ध्या तासाला! आणि तपासात कळलं की वह्या दोन होत्या, एक सरकारी तपासणीसाठीची आणि एक स्वतःची प्रॉडक्शन-मेंटेनन्सची, दुसरीत लिहिलेले कितीतरी धोके पहिलीत नव्हतेच. तो प्रमुख, डॉन ब्लँकेनशिप, २०१५ मध्ये दोषी ठरला आणि त्याला एक वर्षाची कैद झाली. २९ माणसांपुढे एक वर्ष, मला अजूनही संताप येतो.

आता आपल्याकडच्या एका आकड्याबद्दल. आपल्या कोळसा खाणींचा सेफ्टीचा हिशोब दोन पद्धतीने देतात, दर १० लाख टनांमागे किती मृत्यू आणि दर ३ लाख मॅनशिफ्टमागे किती मृत्यू. ३ लाख मॅनशिफ्ट म्हणजे साधारण हजार माणसं वर्षभर ३०० दिवस कामावर. भाषणात आणि बातम्यांत बहुतेक टनांवाला आकडा वापरतात कारण तो सुंदर खाली येतो. पण का येतो ते बघा. २०२३-२४ मध्ये कोल इंडियाने जवळपास ७७ कोटी टन कोळसा काढला, त्यात जमिनीखालचा अडीच कोटींच्या आसपास, बाकी सगळा ओपनकास्टचा, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणींचा, मोठमोठे डंपर आणि शोव्हेल. समजा एका कंपनीत अंडरग्राउंडला वर्षाला दोन माणसं जातात आणि एकूण कोळसा १ कोटी टन निघतो, तर दर १० लाख टनांमागे ०.२. पाच वर्षांनी ओपनकास्ट वाढवून एकूण २ कोटी टन झाले, खाली अजूनही दोनच माणसं जातायत, तर आकडा ०.१. स्लाइडवर लिहिणार, मृत्युदर निम्मा. खाली उतरणाऱ्या माणसासाठी काय बदललं? काहीच नाही. म्हणून अंडरग्राउंडचा हिशोब वेगळा आणि माणसांच्या शिफ्टवरच दाखवला पाहिजे, टनांवर नाही, याबाबतीत मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आणि तो 'अपघाताविना इतके दिवस' वाला बोर्ड. बाणेर-बालेवाडीत कुठल्याही मोठ्या साइटच्या गेटवर दिसतो, भोसरी-चाकणच्या कंपन्यांतही. बोर्ड वाईट नाही. पण त्यावर बक्षीस लावलं की माणसं जखम लपवतात. पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला गाडीने आणून ऑफिसात खुर्चीवर बसवायचं म्हणजे तो कामावर हजर, म्हणजे लॉस्ट टाइम इंजुरी, ज्या जखमेमुळे कामाचा दिवस बुडतो ती, शून्य. हे मी आधीच्या एका क्लायंटच्या डेटामध्ये बघितलंय, हजेरी लागलेली पण खाली उतरायचा दिवा घेतल्याची नोंद नाही. शून्य दिसलं की मी आता आधी ती नोंद उघडते.

असं नाही की सेफ्टी आणि प्रॉडक्शन दोन्ही एकत्र सुधारतच नाही. बाबांच्या सुरुवातीच्या काळात ब्लास्टिंगनंतर लोडर लोक टोपल्यांनी कोळसा भरायचे, ताज्या फुटलेल्या छताखाली, सगळ्यात जास्त धोका तिथेच. मग कोळसा भरणारी एसडीएल मशीन आली, चालवणारा मागे आधार दिलेल्या छताखाली राहतो आणि बकेट पुढे जाते. टनही वाढले, माणूसही वाचला. पण त्यासाठी आधी पैसे घालावे लागले.

मला स्वतःला माइनिंगला जायचं होतं. १९५२ च्या माइन्स ॲक्टच्या कलम ४६ मुळे बायकांना खाली काम करायला बंदीच होती, २०१९ च्या जानेवारीत सरकारने टेक्निकल आणि सुपरवायझरी कामांसाठी ती उठवली, तोपर्यंत मी पुण्यात डेटामध्ये आले होते. त्यामुळे माझ्या हातात आहे तो हा रिपोर्टच, आणि तो नीट व्हावा असं मनापासून वाटतं.

तर आम्ही काय केलं, गॅस आणि छतामुळे केलेली थांबवणी डाऊनटाइममधून काढली आणि वेगळं टेबल केलं, निळ्या रंगात, वर शिफ्टचं नाव, कोणी थांबवलं, गॅसची रीडिंग काय होती, पुन्हा चालू करायच्या आधी काय केलं. क्लायंटच्या मॅनेजरला पहिल्यांदा पटलं नाही, म्हणाला याने लोक उगाच थांबतील. आमच्या लीडने त्याला पाइक रिव्हरच्या नोंदी दाखवल्या, मग तो बराच वेळ काही बोलला नाही आणि शेवटी टेबलाला हो म्हणाला. रँकिंगमधून हे मिनिट वजा करायला मात्र अजून तयार नाही. म्हणजे रंग बदलला पण टार्गेट तेच, थांबणाऱ्या शिफ्टचे टन अजून तिच्याच नावावर कमी लागतात. मंगळवारच्या कॉलला तोच विषय घेतलाय, बाबांनी एका कागदावर मुद्दे लिहून दिलेत, त्यातला पहिला आहे की त्या थांबलेल्या तासाचं टार्गेट कंपनीने आपल्या नावावर घ्यावं.