घडणावळ, मोड आणि घट

सोनं नवं घ्यायला आता कोणाची टाप आहे, त्यामुळे परवा आईची जुनी पाटली घेऊन सराफाकडे गेलो, म्हटलं हिच्यातून बायकोला काहीतरी नवीन होतंय का बघू. काउंटरवरचा माणूस वजन करता करता विचारतो, "मोड द्यायचीय का?" मग मशीनवर टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, बघितला, घट म्हणून थोडं वजन कमी धरलं, वर नव्या दागिन्याची घडणावळ, म्हणजे घडवायची मजुरी, सांगितली, ती ऐकून मी खुर्चीत जरा नीट बसलो.

पण गंमत अशी की ही घडणावळ आली ती संस्कृतातल्या घट् धातूतून. त्याच्यातूनच आपलं घडणं आलं, आणि त्यालाच वि लागून बिघडणं, उद् लागून उघडणं. म्हणजे पोरगा घडला काय आणि बिघडला काय, मधे एका बि चं अंतर! घड्याळपण त्याच कुळातलं, कारण घटिका म्हणजे मुळात छोटं भांडं, तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की झाली एक घटका, आपली २४ मिनिटं. लग्नात मुहूर्त गाठायला घटिकापात्र ठेवायचे ते हेच.

राज्यघटनेतली घटनापण तीच. हिंदीवाल्या मित्राला 'घटनादुरुस्ती' ऐकून वाटलं कुठेतरी अपघात झाला आणि आता त्याची रिपेअरी चाललीय :) त्याला म्हटलं बाबा रे, आमच्याकडे देश पण घडवावा लागतो म्हणून घटना, आणि ती लागू होऊन दीड वर्ष व्हायच्या आत, १९५१ मध्येच, पहिली दुरुस्ती झाली होती.

आणि मोडायला तर आपण अजिबात घाबरत नाही. नोट मोडतो, एफडी मोडतो, ठरलेलं लग्न मोडतो, शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो, जुनी पितळी भांडी मोडीत घालून नवा स्टीलचा डबा आणतो (आता त्याच पितळी भांड्यांना अँटिक म्हणून काय भाव आलाय ते विचारू नका). मटकीला मोड आले की मात्र घरात सगळे खुश, मिसळ होणार. आणि रोजच्या बातम्यांना आपण म्हणतो घडामोडी. नुसतं घडणं पुरत नाही, मोडणं जोडीला लागतंच. मला तरी हा शब्द न्यूज पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

फक्त काही ठिकाणी आपली जीभ अडते. नारळ आपण वाढवतो, बांगडी पिचली तर वाढवली म्हणतो. पाटलीची मोड होत होती तेव्हा शेजारी एक मावशी तुटलेलं मंगळसूत्र रुमालात गुंडाळून आल्या होत्या, तो काउंटरवरचा पोरगा बिचारा नवीन असावा, सवयीने म्हणाला, "मोडीत द्यायचंय का?" मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की बस. "वाढलंय ते. गाठवून दे."