पंचहौद ते सेंट पॅट्रिक्स : खरी मंडळी कोणती, हे विचारत चाललेली वारी

१८ ते २५ जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा. १९०८ पासूनची ही प्रथा. त्या आठवड्यातल्या शनिवारी आम्ही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून पुण्यात पायी निघतो. गुरुवार पेठेतल्या पंचहौदापासून नाना पेठ, मग कॅम्प, आणि शेवटी एम्प्रेस गार्डनच्या बाजूचे सेंट पॅट्रिक्स हे कॅथलिक कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. अंतर पाच-सहा किलोमीटरच, पण थांबे धरून चार तास हाताशी ठेवावेत. गोडगोड बोलायचे नाही, हे आमचे पथ्य. खरी मंडळी, म्हणजे ख्रिस्ताचे खरे चर्च, कशावरून ओळखायची या वादात दोन्हीकडच्या माणसांनी जीव दिले आहेत. तो वाद समजून न घेता ‘देव एकच, मग काय बिघडले’ म्हणणे हा त्या सगळ्यांचा अपमान आहे.

वीस-पंचवीसपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत. क्वार्टर गेटच्या चौकात रांग तुटते, मागचे दहा जण सिग्नलला अडकतात आणि पुढच्या थांब्यावर अर्धे बोलणे होऊन गेलेले असते. प्रत्येक चर्चच्या फादरांना किंवा पाळकसाहेबांना दोन आठवडे आधी लेखी कळवावे. शनिवारी लग्न किंवा अंत्यविधी असला तर आत शिरता येत नाही. चालताना ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग म्हणावेत. ते टाळावर, पावलावर बसतात. इंग्रजी चालीची गीते चालताना तिसऱ्याच ओळीला दम काढतात.

सकाळी साडेसहाला पंचहौद. इथे घाई करू नये, कारण साऱ्या वादाची गाठ इथेच आहे. कौली फादर्स या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, संघाने १८८५ साली उभे केलेले हे पवित्र नाम कॅथेड्रल. मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारे १८९० चे चहाप्रकरण इथलेच. वाटेने पहिल्यांदा आलेला कॅथलिक इथे हमखास गोंधळतो. वेदी आहे, झगे आहेत, बिशपचे आसन आहे, मग हे प्रोटेस्टंट कसे? हे आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन झालेल्या चर्चचे कॅथेड्रल आहे. त्यांतल्या अँग्लिकनांचे म्हणणे असे की येशूच्या प्रेषितांनी, म्हणजे त्याच्या पहिल्या शिष्यांनी, ज्यांच्यावर हात ठेवून दीक्षा दिली, त्यांनी पुढच्यांवर, अशी बिशपांची साखळी आमच्यातही अखंड आहे.

रोमला, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चला, हे मान्य नाही. तेराव्या लिओ पोपनी १८९६ साली ‘अपोस्तोलिके कुरे’ या पत्रात अँग्लिकन गुरुदीक्षा, म्हणजे याजक आणि बिशप नेमण्याचा विधी, पूर्णपणे निरर्थक ठरवली. कारण नेमके आहे. इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याच्या काळात, १५५० आणि १५५२ साली, दीक्षाविधी नव्याने लिहिला गेला आणि मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाची कॅथलिक उपासना, बलिदान म्हणून अर्पण करणारा याजक ही कल्पना त्यातून काढली गेली. तेव्हा शब्दही अपुरे आणि हेतूही अपुरा, साखळी तिथेच तुटली, असा रोमचा निष्कर्ष. कँटरबरी आणि यॉर्कच्या अँग्लिकन आर्चबिशपांनी १८९७ साली उत्तर दिले : हीच कसोटी लावली तर तुमचे स्वतःचे प्राचीन दीक्षाविधीही नापास होतील. हे उत्तर वजनदार आहे. इथे दोन्ही बाजू वाचून दाखवाव्यात, आणि वाचणाऱ्यांची अदलाबदल करावी. कॅथलिकाने अँग्लिकन बाजू वाचावी, अँग्लिकनाने रोमची. दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या तोंडून गेले की आवाज आपोआप खाली येतो.

पंडिता रमाबाईंचे नावही इथेच घ्यावे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतल्यावरही, शास्त्रात, म्हणजे बायबलात, न सापडणारी गोष्ट केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार याच मुद्द्यावर तापला.

तिथून नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवरचे हे कॅथलिक चर्च. आत गेल्यावर टॅबरनॅकल या छोट्या बंद कपाटाजवळचा तेवता दिवा सगळ्यांना दाखवावा. मिस्सेत पवित्र केलेली भाकर इथे ठेवलेली असते, तिला कॅथलिक गुडघा टेकतो, कारण त्याच्या श्रद्धेने तो साक्षात ख्रिस्त आहे. त्या दिव्याशी उभे राहिले की रोमचा आग्रह कळतो. असा मिस्सा कोण अर्पू शकतो? ज्याची दीक्षा प्रेषितांपर्यंत पोचते असा याजकच. म्हणून ख्रिस्तसभा (मंडळीसाठी कॅथलिकांचा शब्द) कुठे, हा प्रश्न त्यांच्यासाठी दीक्षा कुठे, या प्रश्नापासून सुटा करता येत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले की ख्रिस्ताची एकमेव सभा कॅथलिक ख्रिस्तसभेत नांदते, आणि तिच्या दृश्य सीमेबाहेरही पावित्र्य आणि सत्य यांचे पुष्कळ अंश आहेत. त्यानंतर २००० सालच्या ‘दोमिनुस येसुस’ने स्पष्ट केले की वैध बिशपपद आणि संपूर्ण ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली ती भाकर) जिथे नाही, त्या समुदायांना खऱ्या अर्थाने चर्च म्हणता येत नाही. प्रोटेस्टंट सोबत्यांना हे वाक्य लागते, आणि लागायलाच हवे. मात्र आपले बरेच कॅथलिक इथे चुकीचे सांगतात. ‘पोप नाही म्हणून चर्च नाही’ हा रोमचा हिशेब नव्हे. पूर्वेकडच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स मंडळ्या पोपची सत्ता मानत नाहीत, तरी त्यांची दीक्षा वैध धरून रोम त्यांना चर्चच म्हणते.

आता प्रोटेस्टंट उत्तर. ते ऐकायला कॅम्पातले ओल्डहॅम मेथडिस्ट चर्च योग्य. १५३० चा आउग्सबुर्ग मतांगीकार, म्हणजे ल्यूथरपंथीयांचे श्रद्धेचे जाहीर निवेदन, म्हणतो की जिथे शुभवर्तमान शुद्ध शिकवले जाते आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) योग्य रीतीने दिले जातात, ती पवित्र जनांची सभा म्हणजे मंडळी. १५६१ च्या बेल्जिक मतांगीकाराने तिसरी खूण जोडली : शिस्त. म्हणजे पाप करणाऱ्याला मंडळी जाब विचारते की नाही. साखळीचा यात उल्लेखच नाही. बिशपांची रांग अखंड असूनही शिकवण बिघडू शकते, मग रांगेचा उपयोग काय, असा हा रोकडा सवाल आहे. मेथडिस्टांनी तर साखळी जाणूनबुजून ओलांडली. अँग्लिकन याजक जॉन वेस्ली बिशप नव्हता, तरी १७८४ साली त्याने अमेरिकेसाठी स्वतः हात ठेवून सेवक नेमले. कॅम्पातली ही मंडळी त्याच अमेरिकन शाखेची, आणि १९७० च्या ऐक्यात ती शाखा आली नाही.

वेदीपाशी छोट्या पेल्यांचा ट्रे पाहायला मागावा. प्रत्येकाला वेगळा पेला, त्यात न आंबवलेला द्राक्षरस. रोमच्या नियमाने मात्र गव्हाचीच भाकर आणि द्राक्षाचीच दारू लागते, पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर चालत नाही. बारीकसारीक वाटते, पण संस्कार वैध ठरायला काय लागते याबद्दलची दोन मने त्या ट्रेत दिसतात.

सेंट मेरीजला दहा मिनिटे पुरेत. १८२५ साली बिशप हेबर यांनी अर्पण केलेले हे जुने अँग्लिकन चर्च. चर्च ऑफ इंग्लंडची शिकवण मांडणाऱ्या एकोणचाळीस कलमांतले एकोणिसावे कलम इथे वाचावे. मंडळीची व्याख्या आउग्सबुर्गच्या वळणाची, आणि रोमची मंडळी विश्वासाच्या बाबतीतही चुकली आहे असे सरळ विधान. सकाळी पंचहौदात साखळीचा अभिमान ऐकलेला असतो, म्हणून त्याच परंपरेचे हे दुसरे तोंड इथे ऐकणे महत्त्वाचे.

शेवटी सेंट पॅट्रिक्स. इथे सगळ्यांनी मिळून नायसीयाचा मतांगीकार म्हणायचा : एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय. दोन्हीकडचे हे चारही शब्द म्हणतात, भांडण आहे ते ‘प्रेषितीय’ म्हणजे प्रेषितांची शिकवण की प्रेषितांचे वारस यावर. कॅथलिक म्हणेल दोन्ही, आणि वारसांशिवाय शिकवण राखणार कोण. प्रोटेस्टंट म्हणेल, शास्त्र. मग बाप्तिस्म्याच्या पाण्याने कपाळावर क्रूस करतो. ते मात्र एकत्र करता येते. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा रोमही मानते, त्यामुळे मेथडिस्ट माणूस कॅथलिक झाला तरी त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे मिस्सा लागला तर. भारावून कुणी प्रोटेस्टंट रांगेत उभा राहतो आणि ख्रिस्तप्रसाद घेतो, किंवा कॅथलिक आदल्या थांब्यावर प्रभुभोजन घेऊन मोकळा होतो. हे होऊ देऊ नये. जे ऐक्य अजून झालेले नाही, ते झाल्याची खूण तोंडात घेणे खोटे ठरते, आणि नंतर दोन्हीकडच्या पाळकांना त्रास होतो. निघण्यापूर्वीच सांगावे : रांगेत यायचे तर हात छातीवर आडवे बांधून यावे, म्हणजे फादर आशीर्वाद देतील. फादरांना हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे, सगळीकडे ही पद्धत नाही. नसेल तर बाकावर बसून राहावे. बसणाऱ्यांच्या शेजारी दोन-तीन कॅथलिकांनीही रांग सोडून बसावे. आमच्यातले काही जण तसे बसतात.