सेकंदाला दहा हजार टन, तरी ग्रह जागच्या जागी

काल चहा पिता पिता परत तीच हेडलाईन दिसली, अमुक ग्रह वाफ होऊन उडून चाललाय. अरे उडतोय हे खरंय, पण संपत नाहीये ना बाबा!

महाश्व तारकासमूहात एचडी २०९४५८ म्हणून आपल्या सूर्यासारखाच एक तारा आहे आणि त्याच्यापासून जेमतेम ७० लाख किमीवर एक ग्रह, म्हणजे गॅसचा गोळा, साडेतीन दिवसांत चक्कर मारतो, गुरूपेक्षा फुगलेला पण वजनाला हलका. हा समोरून गेला की ताऱ्याचा उजेड साधारण दीड टक्का कमी होतो. २००३ मध्ये विडाल-मजार ह्या खगोलशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी हबल दुर्बिणीने हायड्रोजनच्या लायमन अल्फा रेषेत (म्हणजे हायड्रोजन जो एक ठराविक अतिनील 'रंग' शोषतो, त्यात) बघितलं तर चक्क १५ टक्के! म्हणजे ग्रहाभोवती हायड्रोजनचा एवढा पसारा की तो ग्रहाच्या पकडीत राहूच शकत नाही, आणि त्यातला काही तर सेकंदाला १०० किमीच्या वर वेगाने आपल्या दिशेने येतोय. बरं ही रेषा दिसते तीही अर्धीमुर्धी, मधला भाग तो तारा आणि आपण ह्यांच्या वाटेतला हायड्रोजनच गिळून टाकतो, मग उरलेल्या दोन कडांवरून सगळा हिशोब लावायचा. मला तर ह्याचंच जास्त कौतुक वाटतं.

कारण साधं आहे, ताऱ्याचे एक्स-रे आणि कडक अतिनील किरण वरचा थर १०,००० अंशांच्या आसपास तापवतात, गॅस फुगतो आणि वाऱ्यासारखा बाहेर वाहत सुटतो. जाताना जड ऑक्सिजन, कार्बनलाही ओढून नेतो.

आता गळती किती, तर कमीत कमी सेकंदाला १०,००० टन. ऐकून घाम फुटतो, म्हणून मी मोबाईलवर गुणाकार केला, ५०० कोटी वर्षांत होते साधारण पाव पृथ्वी. आणि ग्रहाचं वजन? जवळपास २२० पृथ्व्या. दर्या में खसखस! गळती दहापट धरली तरी टक्काभर. तारा तरुणपणी जास्त तापट असतो, त्यामुळे आधी थोडं जास्त गेलं असेल, तरी गोळा शाबूत.

खरी वाट लागते ती लहान ग्रहांची, त्यांचं गुरुत्वाकर्षण एवढं पुरत नाही. ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे नेपच्यूनएवढे ग्रह फारच कमी सापडतात, आणि त्यामागे हीच गळती असावी असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यांच्यावर हेडलाईन कोण करणार, बहुतेकांचा नुसता दगड उरला असेल.