मी एक्स-रे काढत नाही गं मावशी

चवथीला डिचोलीला आले होते तेव्हा मावशीने माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की ही अमेरिकेत एक्स-रे काढते, मी तेव्हा काही बोलले नाही पण तेव्हापासून मनात राहिलंय म्हणून आज लिहिते.

एक्स-रेत किरण मशीनमधून निघतात आणि अंगातून आरपार जातात. मी न्यूक्लियर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट, आमच्याकडे उलटं, किरणोत्सारी औषध आम्ही शिरेत टोचतो, मग किरण पेशंटच्या आतून बाहेर येतात आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो.

सकाळी साडेपाचला पहिलं काम जनरेटरचं, म्हणजे ज्यातून हे किरणोत्सारी औषध मिळतं त्या डब्याचं. शिशाच्या जाड कवचात मॉलिब्डेनम-९९ असतं, त्यातून सलाइन ओढून टेक्नेशियम-९९एम काढायचं, याला इथे सगळे गाय दोहणंच म्हणतात, मला दर वेळी आजीचा गोठा आठवतो. हे टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणून पेशंट तासभर उशिरा आला तरी डोस परत मोजायचा. आणि त्यात मॉलिब्डेनम उतरलंय का तेही तपासायचं, त्यात कंटाळा करून चालतच नाही.

शिक्षणाबद्दल गोव्यातली बीएस्सीची मुलं मला सारखं विचारतात. इथे मान्यताप्राप्त कोर्स, मग एनएमटीसीबी किंवा एआरआरटी या बोर्डांपैकी एकाची परीक्षा, बऱ्याच राज्यांत वर वेगळं लायसन्स, आणि दर २ वर्षांनी २४ तासांचं शिक्षण चालूच. पण थेट इकडे यायची घाई करू नका रे, परळला बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं, त्यांचे न्यूक्लियर मेडिसिनचे कोर्स आधी बघा. आणि आपल्या डिग्रीवर इथे परीक्षेला बसू देतील असं धरून चालू नका, पैसे भरायच्या आधी बोर्डालाच विचारा.

गेल्या महिन्यात एक आजोबा आले, प्रोस्टेटचा कॅन्सर, बोन स्कॅन होता. इंजेक्शन देऊन ३ तासांनी टेबलावर घेतलं आणि स्क्रीनवर कण्यात एकेक काळा डाग उमटत गेला. सगळ्यात आधी ते आम्हाला दिसतं पण सांगायचं नाही, रिपोर्ट डॉक्टरच देणार. उठवून बसवलं तर त्यांनी माझा हात धरला, "सगळं ठीक आहे ना?" म्हणाले. मी म्हटलं फोटो चांगले आलेत, डॉक्टर बोलतील तुमच्याशी. किरणांपासून जपायला पेशंटजवळ वेळ कमी आणि अंतर जास्त हा आमचा पहिला धडा, तरी त्यांची मुलगी आत येईपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.