नक्की, बहुधा आणि कोणीतरी म्हणते

मुलीच्या गृहशिक्षणाचे हे वर्ष आम्ही प्राचीन इतिहासासाठी राखून ठेवले होते आणि ते आता संपत आले आहे. ती अकरा वर्षांची आहे. आरंभी मी केलेला आराखडा काल पुन्हा काढून पाहिला आणि स्वतःचेच हसू आले: अश्मयुगापासून रोमच्या पतनापर्यंत सारे काही ३६ आठवड्यांत, दर आठवड्याला एक संस्कृती किंवा एक राजघराणे, शनिवारी उजळणी. पहिला महिना आम्ही तो निष्ठेने पाळला. महिन्याअखेरीस मुलीला मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) सुमेर आणि अक्कद यांतील फरक सांगता येत होता, अक्कदचा राजा सारगॉन याचा काळ सांगता येत होता आणि या दोन्हींविषयी तिला काडीचीही उत्सुकता उरलेली नव्हती.

आराखडा मोडला तो एका प्रश्नाने. सारगॉनची कारकीर्द इ.स.पू. २३३४च्या सुमारास सुरू झाली, असे मी वाचून दाखवत होतो. "बाबा, तेव्हा इसवी सन नव्हताच. मग हा आकडा कोणी काढला?" असे तिने विचारले. मला उत्तर येत नव्हते. ते शोधण्यात दोघांचे मिळून दहा दिवस गेले आणि त्या दहा दिवसांत मागच्या अख्ख्या महिन्यापेक्षा अधिक अभ्यास झाला.

उत्तर मेसोपोटेमियातले असिरियन लोक वर्षांना आकडे देत नसत, नावे देत. दर वर्षी एका उच्च अधिकाऱ्याची नेमणूक होई आणि ते वर्ष त्याच्या नावाने ओळखले जाई. अशा नावांच्या लांबलचक याद्या मातीच्या पाट्यांवर सापडल्या आहेत आणि त्यांत बूर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढे अश्शूर नगरात बंड झाल्याची व सूर्याला ग्रहण लागल्याची नोंद आहे. ग्रहणे गणिताने मागे मोजत जाता येतात. त्यावरून ते ग्रहण इ.स.पू. ७६३ सालच्या १५ जूनचे असल्याचे ठरले. एवढी एक खुंटी पक्की बसली की यादीतील अलीकडची-पलीकडची नावे तिला धरून मोजता येतात. मात्र याद्या जिथे संपतात त्याच्याही मागे गेले की जमीन भुसभुशीत होते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी आणि सारगॉन यांची वर्षे बरीचशी शुक्राच्या जुन्या निरीक्षणांचा अर्थ कसा लावायचा यावर अवलंबून आहेत आणि त्या अर्थानुसार ती कित्येक दशकांनी मागेपुढे सरकतात. पुस्तकात मात्र २३३४ असा ठसठशीत आकडा छापलेला असतो.

त्या दिवशी मुलीने वहीच्या पानावर तीन रकाने आखले आणि त्यांना 'नक्की', 'बहुधा' व 'कोणीतरी म्हणते' अशी नावे दिली. सारगॉनचे वर्ष 'बहुधा'मध्ये गेले, ग्रहण 'नक्की'मध्ये. पुढचे सारे वर्ष ही वहीच आमचा अभ्यासक्रम झाली, असे म्हटले तरी चालेल. आता आम्ही संस्कृतीमागून संस्कृती घेत नव्हतो. एखादी वस्तू किंवा एखादा लेख घेत होतो आणि तो बोलू लागेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहत होतो.

असे बसून राहण्याचे सर्वांत मोठे सुख मेसोपोटेमियातील निप्पूर नगराच्या पाट्यांनी दिले. इ.स.पू. अठराव्या शतकातले हे एक साधे, लहानसे घर. तिथे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या पाट्यांचे शेकडो तुकडे निघाले, शिवाय वापरलेल्या पाट्या भिजवून त्यांची पुन्हा माती करण्याचे हौदही. सरावाच्या एका प्रकारच्या पाटीवर डावीकडे गुरूने घातलेला कित्ता असतो आणि उजवीकडे विद्यार्थ्याने गिरवलेली अक्षरे. विद्यार्थी पुन्हा पुन्हा पुसून लिहीत असल्यामुळे उजवी बाजू झिजून पातळ झालेली दिसते. एका राहत्या घरात चार-दोन मुलांना घेऊन कोणीतरी शिकवत होते, हे कळल्यावर माझ्या मनात जी आपुलकी दाटून आली ती मी मुलीपासून लपवली. तिला मात्र त्या पातळ झालेल्या बाजूचे अधिक अप्रूप वाटले. आम्ही माती मळली, काडीचे टोक तासून कोनदार केले आणि पाटीवर खुणा उमटवू लागलो. मातीच्या पाट्यांवरच्या या कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत वळणदार रेषा का नाहीत, हे मी समजावून सांगण्याआधीच तिच्या हाताला कळले: ओल्या मातीत काडी ओढली तर माती गोळा होऊन कडेला साचते, दाबली तर स्वच्छ खूण उमटते. तिची पहिली पाटी वाळताना तडकली. अशा गोष्टींना आराखड्यात जागा नसते.

त्यानंतर आम्ही कादेशच्या लढाईकडे वळलो. इ.स.पू. १२७४च्या सुमारास इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानातील हिटाइटांचा राजा मुवातल्ली यांच्यात ओरोंतेस नदीकाठी ही लढाई झाली. रामसेसने तिचे वर्णन कर्नाक, लक्सर, अबू सिंबेल अशा अनेक मंदिरांच्या भिंतींवर कोरून घेतले. त्या वर्णनात सैन्य पळून गेलेले आहे आणि आमोन देवाच्या साहाय्याने राजा एकटाच हजारो रथांना भारी पडला आहे. मुलीने ते वाचून रामसेसला विजयी ठरवले. त्यानंतर मी हिटाइटांची बाजू पुढे केली. त्यांची राजधानी हत्तुसा येथे १९०६ पासून झालेल्या उत्खननात मातीच्या पाट्यांचा मोठा संग्रह हाती आला. त्या पाट्यांनुसार विजय हिटाइटांचा होता, आणि लढाईनंतर कादेश त्यांच्याच हाती राहिले ही गोष्टही त्याला दुजोरा देते. पुढे सुमारे १५ वर्षांनी दोन्ही राज्यांत तह झाला. त्याच्या इजिप्शियन आणि (हिटाइटांकडची) अक्कदी भाषेतील अशा दोन्ही प्रती उपलब्ध आहेत. त्यांतील कलमे बहुतांशी जुळतात, परंतु तह मागायला आधी कोण आले याबाबत प्रत्येक प्रत दुसऱ्याकडे बोट दाखवते. मुलगी खूप हसली. मलाही पाठ चांगला जमल्यासारखे वाटले.

तो वाटला तितका जमला नव्हता. पुढचे तीन आठवडे ती प्रत्येक गोष्टीला "हेही खोटेच असेल" म्हणू लागली. हम्मुराबीने स्तंभावर स्वतःला न्यायी राजा म्हटले आहे, ते खोटे. पिरॅमिड कोणी बांधला हे सांगणारे लेख राजाच्याच माणसांचे, तेही खोटे. 'नक्की'चा रकाना रिकामा होऊ लागला आणि अभ्यासही थांबला. कारण सारेच खोटे म्हटले की शोधण्यासारखे काही उरत नाही. संशय घेणे मी तिला शिकवले होते, पण तो कुठे थांबवायचा हे शिकवले नव्हते. घरी शिकवणाऱ्या पालकांना मी काही सांगू शकत असेन तर एवढेच, की या वळणाची तयारी आधीच करून ठेवावी. माझी नव्हती.

त्यातून बाहेर काढले ते सेनाखेरिबने. या असिरियन राजाने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदा राज्यावर स्वारी केली. त्याच्या लेखात तो म्हणतो, की राजा हिज्कीयाला मी यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले आणि त्याच्याकडून ३० किक्कार (वजनाचे एक जुने माप) सोने व ८०० किक्कार चांदी खंडणी घेतली. याच स्वारीची हकिकत हिब्रू बायबलमध्येही आहे. तिच्यात असिरियन सैन्याचा एका रात्रीत देवदूताने संहार केला असे सांगितले आहे, पण त्याआधी खंडणीचाही उल्लेख येतो: ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोने. मी दोन्ही उतारे शेजारी ठेवले आणि काही न बोलता उठून गेलो. परत आलो तेव्हा तिने दोन्हींकडील 'सोने ३०' अधोरेखित केले होते. एकमेकांचे वैरी असलेले दोघे जण, ज्यांचे बाकी कशावरच पटत नाही, ते एका आकड्यावर एकमत आहेत; आणि चांदीच्या आकड्यावर त्यांचे जमत नाही, म्हणजे एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिलेले नाही. हा युक्तिवाद तिने स्वतः मांडला. दुसरी खूण मला दाखवून द्यावी लागली: सेनाखेरिब यहूदातील लाखीश नगर जिंकल्याची शिल्पे निनवेच्या आपल्या राजवाड्यात भिंतभर कोरवून घेतो, परंतु यरुशलेम जिंकल्याचे कुठेच म्हणत नाही. बढाईखोर माणूस जिथे बढाई मारत नाही, तिथे कान टवकारावेत.

तरीही एक शंका तिच्या मनात घोळत होतीच. ही लिपी वाचणारे विद्वानच चुकत असतील तर? या शंकेचे उत्तर १८५७ सालीच देऊन झाले आहे आणि तो प्रसंग तिच्या फार आवडीचा ठरला. कीलाकार लिपी खरोखर वाचता येते की विद्वान मनाने अर्थ लावतात, याविषयी तेव्हा अनेकांना संशय होता. टॅल्बट या अभ्यासकाने पहिला तिग्लाथ-पिलेसर या असिरियन राजाच्या एका नव्याने हाती आलेल्या लेखाचे भाषांतर मोहोरबंद पाकिटात घालून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे पाठवले. त्याच लेखाची भाषांतरे रॉलिन्सन, हिंक्स आणि ओपेर या आणखी तीन अभ्यासकांकडूनही स्वतंत्रपणे मागवण्यात आली आणि ती परीक्षकांसमोर ताडून पाहिली गेली. मुख्य आशय जुळला. "म्हणजे चौघांची परीक्षा घेतली, आणि कॉपी करायला वावच नव्हता," असा शेरा मारून तिने लिपी 'नक्की'मध्ये टाकली.

गणित तिची आई शिकवते, त्यामुळे आमच्या दोघांच्या वेळापत्रकांत सतत ओढाताण चाले. येल विद्यापीठातील एका बाबिलोनी पाटीमुळे ती ओढाताण काही दिवस थांबली. हातात मावेल एवढ्या या पाटीवर एक चौरस, त्याचे कर्ण आणि कर्णावर १, २४, ५१, १० असे आकडे आहेत. ते साठच्या पटीत वाचले, म्हणजे १ मध्ये २४ भागिले ६०, ५१ भागिले ३,६०० आणि १० भागिले २,१६,००० मिळवले, की १.४१४२१३ येते. दोनच्या वर्गमुळाशी ते दशांश चिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत जुळते. ही बेरीज दोघींनी हाताने केली. मी फक्त पाहत होतो.

भिंतीवर आम्ही कागदाची पट्टी लावली आहे. तिच्यावर १ सेंटिमीटर म्हणजे १० वर्षे, म्हणून लेखनाच्या आरंभापासून आजपर्यंत ती ५ मीटरहून लांब झाली आणि कोपऱ्यावरून वळवावी लागली. तिच्यावरची मला सर्वांत आवडणारी नोंद खाएमवासेतची आहे. हा दुसऱ्या रामसेसचा मुलगा. त्याने जुन्या राजांची पिरॅमिडे व थडगी दुरुस्त करवली आणि मूळ धन्यांची नावे त्यांवर पुन्हा कोरवून घेतली. त्याच्या दृष्टीने ती हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, म्हणजे प्राचीनच होती. मुलीची आवडती नोंद बाबिलोनचा राजा नबोनिदस याची. त्याने सिप्पर येथे देवळाचा पाया खणताना नरामसिन राजाचा लेख शोधून काढला आणि तो ३,२०० वर्षांपूर्वीचा असल्याचे अभिमानाने लिहून ठेवले. प्रत्यक्षात अंतर सुमारे १,७०० वर्षांचे होते. राजाचे गणित दीड हजार वर्षांनी चुकले, या गोष्टीने तिला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

अशा सखोल अभ्यासाची किंमतही मोजावी लागली. रोमला जेमतेम दोन आठवडे मिळाले. चीनमध्ये आम्ही आन्यांगच्या भविष्यकथनाच्या हाडांपलीकडे गेलोच नाही. शांग राजांची जी परंपरागत यादी काही अभ्यासक दंतकथा मानत, तिला त्या हाडांवरील नावांनी बळ दिले, एवढे पाहून पुढे सरकलो. "किती भाग झाला?" असे नातेवाईक विचारतात तेव्हा माझी पंचाईत होते.

सध्या आम्ही शू-इलिशूच्या मुद्रेवर अडलो आहोत. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही दंडगोलाकार मुद्रा लूव्ह्र संग्रहालयात आहे आणि तिच्यावर तिच्या मालकाचा व्यवसाय कोरलेला आहे: मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असे मी सांगितले आणि अर्थातच तिने वही उघडली. मग मी पुरावे मांडले. मेलुहाहून लाकूड आणि लाल अकीक येत असल्याचे मेसोपोटेमियातील लेख सांगतात. उरच्या राजदफनभूमीत सिंधू पद्धतीचे अकीकाचे मणी निघाले आहेत. सिंधू मुद्रा मेसोपोटेमियातील नगरांत सापडल्या आहेत. आणि मेलुहाची जहाजे माझ्या धक्क्याला लागतात, अशी बढाई आमच्या जुन्या सारगॉननेच मारलेली आहे. तिने सारे लक्षपूर्वक ऐकले. सिंधू लिपी अद्याप वाचता आलेली नाही, मग तिथले लोक स्वतःच्या देशाला काय म्हणत हे त्यांच्या तोंडून आपण ऐकलेच नाही, असा तिचा आक्षेप आहे. मी मेलुहाला 'नक्की'मध्ये घालावे म्हणतो, ती 'बहुधा'वर ठाम आहे. दोन दिवस वाद घालून नोंद तिच्याच रकान्यात गेली आहे, पण माझ्या विनंतीवरून ती तिने पेन्सिलने केली आहे.