तांदळातले सोंडे आणि माडाचा सोंड्या भुंगा एकाच गटातले कसे?

तांदळातले सोंडे जेमतेम ३ मिलिमीटरचे, तर माडाचं खोड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा साधारण ३ सेंटिमीटरचा. तरी दोघे सोंडकिड्यांच्या एकाच गटातले. केळीचा कंद पोखरणारा सोंडकिडाही त्यांच्यातलाच. (माडावरचा गेंड्या भुंगा मात्र नाही, त्याला सोंडच नसते.)

गट ओळखायचा तो शृंगिकेवरून, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवरून. दहापट भिंग घ्या. शृंगिका सोंडेच्या बुडाशी, डोळ्यांजवळ उगवते आणि कोपरासारखी वाकते. तिच्या टोकाच्या गाठीचा बुडाकडचा भाग तुळतुळीत असतो, लव फक्त शेंड्याला. इतर बहुतेक सोंडकिड्यांत ही गाठ सगळीच लवदार असते.

या गटाला कुल (फॅमिली) म्हणायचं की त्याखालचं उपकुल, हा वाद मात्र जुना आहे. अलोन्सो-सारासागा आणि लायल या कीटकशास्त्रज्ञांच्या १९९९च्या जागतिक सूचीत ड्रायॉफ्थोरिडी हे स्वतंत्र कुल आहे, कारण नराच्या जननेंद्रियाची रचना कुर्कुलिओनिडी या सोंडकिड्यांच्या मोठ्या कुलातल्या बहुतेकांपेक्षा वेगळी आहे. ओबरप्रीलर आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये त्याला कुर्कुलिओनिडीतलं उपकुल, ड्रायॉफ्थोरिनी, मानलं. मला हेच पटतं. डीएनएच्या अभ्यासांत लाकूड पोखरणारे प्लॅटिपोडिनी हे दुसरं उपकुल ड्रायॉफ्थोरिनीच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे एकाला वेगळं काढलं की दुसऱ्याचाही प्रश्न उभा राहतो. माहिती शोधताना दोन्ही नावं टाका. जुन्या लेखनात रिंकोफोरिनीही सापडेल.

जातीपर्यंत पोहोचणं अधिक कष्टाचं. धान्यातल्या सोंड्यांच्या दोन जाती, सायटोफिलस ओरायझी आणि सायटोफिलस झीमेस, दोघेही तांदूळ खातात, मकाही खातात, आणि पंखांवरचे चार तांबूस ठिपके दोघांनाही असतात. म्हणजे धान्यावरून किंवा ठिपक्यांवरून निकाल लावू नये. नर निवडा, त्याची सोंड आखूड, जाड, खरबरीत असते. तो कोमट पाण्यात मऊ करून पोट सुटं करा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा (हातमोजे आणि चष्मा हवाच), नीट धुऊन ग्लिसरीनमध्ये जननेंद्रिय मोकळं करा. घाईने द्रावण उकळत ठेवलं तर नाजूक भाग पारदर्शक होऊन काहीच कळत नाही. आता उजेड वरून, तिरपा टाका. जननेंद्रियाची वरची बाजू गुळगुळीत असेल तर ओरायझी, दोन उभे चर असतील तर झीमेस. मादीच हाती असेल तर पोटातली वाय आकाराची कठीण पट्टी पाहा: ओरायझीत तिचे फाटे टोकाला गोल, झीमेसमध्ये निमुळते.