शाळेचे ग्रंथालय आणि ग्रंथपालांचा एकटेपणा

शाळेत गणित शिकवणारे तीन-चार शिक्षक असतात, ग्रंथपाल मात्र एकच असतो. पुस्तके निवडणे, त्यांची दाखल नोंद करणे, क्रमांक घालणे, फाटलेली पाने चिकटवणे आणि मार्च संपण्यापूर्वी अनुदान खर्ची टाकणे ही सारी कामे त्या एकाच व्यक्तीवर येतात, आणि शंका आली तर विचारावे असे समव्यवसायी माणूस इमारतीत दुसरे कोणी नसते. बडोद्यात इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, शालेय ग्रंथसंग्रह एकसुरी होतो तो पैशाच्या टंचाईपेक्षा या एकटेपणामुळे अधिक. निवडणारी व्यक्ती एकच असली की कपाटात तिच्या भाषेतली, तिच्या घरात वाचली गेलेली पुस्तके येतात आणि उरलेली जागा पुरवठादाराची यादी भरून काढते. त्या याद्यांमध्ये सवलत भरपूर असते, म्हणून कोटेशन मागवले की तेच संच स्वस्त ठरतात: तीच थोर पुरुषांची चरित्रे, त्याच बोधकथा, तीच सामान्यज्ञानाची पुस्तके.

आमच्या शाळेतील मुलांच्या घरी मराठी, गुजराती, हिंदी आणि सिंधी बोलली जाते. काही मुले छोटा उदेपूरकडून बांधकामासाठी शहरात आलेल्या राठवा या आदिवासी समाजाच्या कुटुंबांतली आहेत. त्यांपैकी पाचवीतला एक मुलगा वाचनाच्या तासाला नेहमी पुस्तक उघडून खिडकीबाहेर पाहत बसे. एकदा राठवा घरांच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या पिठोरा चित्रांवरचे एक पुस्तक टेबलावर आले. त्याने ते उचलले, चित्रातल्या घोड्यांवरून बोट फिरवत कोणता घोडा कोणत्या देवाचा हे शेजारच्या दोघांना सांगायला सुरुवात केली, आणि तास संपेपर्यंत सहा-सात मुले त्याच्याभोवती जमली होती. त्याला वाचनाची गोडी नव्हती असे नाही. त्याच्या घराची भिंत ज्यात दिसेल असे एकही पुस्तक तोवर आमच्या कपाटात नव्हते. ते पुस्तक मी यादीतून निवडलेले नव्हते, दुसऱ्या शाळेतील ग्रंथपाल भगिनीने ते मला वाचायला दिले होते.

संग्रहाइतकीच मांडणीही महत्त्वाची आहे. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात धर्माच्या २०० या वर्गातील २२० ते २८० हा मोठा भाग बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिलेला आहे, बाकीचे बहुतेक धर्म २९० मध्ये दाटीने बसतात. कथांचेही असेच होते. शहरी लेखकाची कथा साहित्याच्या ८०० मध्ये जाते, आणि आदिवासी समाजाची कथा, ती आजच्या माणसांविषयी असली तरी, सवयीने ३९८ मध्ये, म्हणजे लोककथांत टाकली जाते. क्रमांक घालताना पुस्तक उघडून पाहिले तर हे टाळता येते.

ज्या शहरात आपण हे काम करतो त्या शहराला आपल्या ग्रंथालयांच्या इतिहासाचा विसर पडू नये असे मला मनापासून वाटते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदा संस्थानाच्या ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडे सोपवले. बोर्डन यांनी ड्यूईची पद्धत जशीच्या तशी न उचलता बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण तयार केले आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. लाकडी पेट्यांमधून गावोगावी पुस्तके जात. गावाने वर्गणी जमवली तर तेवढीच भर प्रांत पंचायत आणि सरकार घालत असे. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयांविषयीचे नियतकालिक निघाले, आणि त्यात इंग्रजीबरोबर मराठी व गुजराती मजकूरही असे. म्हणजे पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलत राहिले पाहिजे आणि तेही आपापल्या भाषेत, ही समज येथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होती. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती खेड्यांपर्यंत नेली.

आम्ही काही शाळांचे ग्रंथपाल महिन्यातून एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर भेटतो. प्रत्येकाने एक पुस्तक आणायचे आणि ते आपल्या शाळेत कोणी वाचले, कोणी अर्ध्यावर ठेवले हे सांगायचे, एवढाच नियम आहे. सर्वांत उपयोगी माहिती या बोलण्यातूनच मिळते. वारसिया या शहरातल्या सिंधी वस्तीतील एका ग्रंथपालांनी सांगितले की तिथली मुले घरी सिंधी बोलतात, पण अरबी लिपी त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी देवनागरीतील सिंधी पुस्तके शोधावी लागतात. मी एकटी असते तर हा भेद माझ्या लक्षातच आला नसता. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील एकच पुस्तक मराठी, गुजराती आणि हिंदीत घेऊन ते शेजारी शेजारी ठेवायचे, ही कल्पनाही अशाच एका भेटीत निघाली. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील कथा खुल्या परवान्याच्या असल्यामुळे त्या छापून, शिवून कपाटात ठेवता येतात. ज्या भाषांत बाजारात बालसाहित्य जवळजवळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा मोठाच आधार आहे. ठळक, मोठ्या अक्षरांची पुस्तके मात्र आम्हाला अजून पुरेशी मिळालेली नाहीत, आणि कमी दिसणाऱ्या मुलांच्या बाबतीत आमचे संग्रह अगदीच तोकडे आहेत.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ च्या ग्रंथात मांडलेल्या पाच नियमांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हा नियम आपण सगळे परीक्षेसाठी पाठ करतो. तो पाळायचा तर प्रत्येक वाचकाला ओळखणारी माणसे निवडीत सहभागी असली पाहिजेत. म्हणून मुख्याध्यापकांकडे माझी विनंती आहे की, ग्रंथपालाला महिन्यातून एक दिवस अशा भेटीसाठी ऑन ड्यूटी सोडावे, त्या दिवशी त्याला बदली तासाला बसवू नये, आणि वार्षिक खरेदीतील थोडी रक्कम वर्षभर राखून ठेवू द्यावी, कारण चांगल्या पुस्तकाची माहिती बहुतेक वेळा मार्च उलटून गेल्यावर हाती येते.